पक्षाघात आणि मोबाईल ॲप : एका पानात काय छापावं?

खडीसाखर | सोमवार, रात्री ९.१०

ज्येष्ठ नागरिक संघाच्या माहितीपत्रकात पक्षाघातावर एक पान द्यायचं ठरलंय. २९ ऑक्टोबरला जागतिक पक्षाघात दिन असतो, त्या निमित्ताने. मंडळींची फर्माईश आहे, 'कुठली ॲप घ्यायची ते लिहा'. प्ले स्टोअरवर नुसतं 'स्ट्रोक' शोधलं तर पोहण्याचे हात मोजणारी ॲपही हजर होतात, त्यामुळे इथे विचारतेय.

तीन टप्पे धरूया. अंगावरून वारं जातंय असं वाटलं तो पहिला तास, मग रुग्णालय, मग घरी आल्यावरचे महिने. प्रत्येक ठिकाणी फोनचा नेमका उपयोग काय आणि उपद्रव काय? 'डॉक्टरांचा सल्ला घ्या' हे वाक्य आमच्याकडे आधीच छापून तयार आहे, ते सोडून लिहा.

पेठकर | सोमवार, रात्री ९.१४

फोन नावाचं एक ॲप असतं. त्यात १०८ दाबायचं. पान भरलं, धागा संपला.

न्यूरो_नाना | सोमवार, रात्री ९.५२

पेठकरांचं उत्तर चेष्टेतलं असलं तरी नव्वद टक्के बरोबर आहे. रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली की मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात असा हिशेब आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांत द्यावं लागतं. मोठी वाहिनी बंद असेल तर तार घालून गुठळी काढतात, ती साधारण ६ तासांपर्यंत, आणि तपासणीत मेंदूचा वाचण्याजोगा भाग दिसला तर निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत. ॲप उघडून प्रश्नावली भरत बसण्याची ही वेळ नव्हे.

ओळखायला तीन गोष्टी पुरतात. 'ई' म्हणायला सांगा, ओठाचा एक कोपरा मागे राहतो का पाहा. डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगा आणि मनात दहापर्यंत मोजा, एक हात खाली येतो का पाहा. एक साधं वाक्य म्हणून घ्या. शिवाय अचानक तोल जाणं किंवा अचानक दिसेनासं होणं, हेही धरा. यातलं एक जरी असलं तरी निघायचं.

फोनचा खरा उपयोग वेळ नक्की करायला होतो. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. आम्हाला हवी असते शेवटचं धडधाकट पाहिलं ती वेळ, आणि नातेवाईक सांगतात सापडल्याची वेळ. बाबा सकाळी ६ ला उठताना पडले आणि रात्री १० ला झोपले होते, तर घड्याळ १० पासून सुरू. पण मध्ये ४ वाजता उठून त्यांनी कुणाला 'सुप्रभात' पाठवलं असेल तर गणितच बदलतं. म्हणून रुग्णाचा फोन सोबत आणा. कॉलची यादी, शेवटचा पाठवलेला मेसेज, दुधवाल्याला केलेलं यूपीआय पेमेंट, या सगळ्यावर वेळ छापलेली असते. इंजेक्शन द्यायचं की नाही याचा निर्णय कधीकधी त्या एका ओळीवर फिरतो. अर्थात मेसेज धड लिहिलेला असला पाहिजे. 'सुप्रभ्त्तत' असेल तर ती उलट लक्षणाची वेळ.

आणि फोनवर 'घरगुती उपाय' शोधू नका. तोंडात पाणी, साखर, ॲस्पिरिन काहीही घालायचं नाही. गिळता येतंय की नाही माहीत नसतं, आणि रक्तस्राव आहे की गुठळी हे सीटीशिवाय देवालाही कळत नाही. बीपी वाढलेलं दिसलं म्हणून जिभेखाली गोळी फोडणं हा तर खास आपल्याकडचा घात. त्या वेळी वाढलेलं बीपी बहुधा मेंदू स्वतःसाठी वाढवून घेत असतो. ते एकदम पाडलं की उरलेला भागही उपाशी राहतो.

गोळीबंद | सोमवार, रात्री १०.०५

नाना, कबुतराचं रक्त चोळायचं राहिलं की यादीत.

न्यूरो_नाना | सोमवार, रात्री १०.०७

कबुतराला सोडा, सीटी गाठा.

सीटीवाला | सोमवार, रात्री ११.२०

दुसऱ्या टप्प्याबद्दल. तालुक्याच्या गावी सीटी निघतो, न्यूरॉलॉजिस्ट शहरात असतो, आणि मधला पूल म्हणजे व्हॉट्सॲप. पूल चालतो, पण त्यावरून माल नीट जात नाही. नेहमीच्या चुका लिहितो, संघाच्या पानासाठी नसल्या तरी वाचणाऱ्या कुणा परिचारिकेला उपयोगी पडतील.

१) फिल्म व्ह्यू बॉक्सवर लावून तिचा एक फोटो काढायचा. २० चौकटी एका फोटोत, प्रत्येक चौकट नखाएवढी. रक्तस्राव दिसेल, पण पहिल्या दोन तासांतल्या गुठळीच्या खुणा (मेंदूतल्या इन्सुला नावाच्या भागाची पुसट झालेली कड, मेंदूच्या मधल्या धमनीतली पांढरी रेघ) त्यात मरतात. त्यापेक्षा मॉनिटरसमोर फोन आडवा, स्थिर धरून खालून वरपर्यंत सगळे काप हळूहळू सरकवत व्हिडिओ काढा. ३० ते ४० सेकंद पुरे.

२) विंडो, म्हणजे पडद्यावरच्या काळ्या-पांढऱ्या छटांची मांडणी, बदलायची विसरतात. नेहमीची मेंदूची विंडो रुंदी ८०, पातळी ४०. तिचा एक व्हिडिओ. मग रुंदी ४०, पातळी ४० करून दुसरा. करडा आणि पांढरा भाग यातला फरक दुसऱ्यात उठून दिसतो.

३) मॉनिटरवर लाटालाटा दिसतात. फोन एक वीत मागे घ्या, थोडा झूम करा, खोलीतली ट्यूबलाइट बंद करा.

४) फोटो 'फोटो' म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, आहे तसा जातो.

५) कोपऱ्यातलं नाव, वय, क्रमांक झाका, पण उजवी-डावी दाखवणारं अक्षर झाकू नका. आणि तो व्हिडिओ 'आपलं कुटुंब' ग्रुपवर जाऊ नये याची काळजी घ्या. असे घोळ होतात.

तोक्योतले पोहे | मंगळवार, सकाळी ६.४०

सीटीवाल्यांची यादी वाचून जपानचं 'जॉइन' आठवलं. हे काम करायलाच बनवलेलं ॲप आहे: गप्पांची खिडकी, पण आत सीटीचे मूळ काप उघडतात, विंडो बोटाने बदलता येते, आणि कोणी काय केव्हा पाहिलं याची नोंद राहते. २०१६ मध्ये जपानच्या आरोग्य विम्याने त्याचा खर्च मान्य केला.

अमेरिकेत पुढची पायरी म्हणजे विझ नावाचं सॉफ्टवेअर. २०१८ च्या फेब्रुवारीत तिथल्या औषध प्रशासनाने परवानगी दिली. सीटी अँजिओ (रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी) झाला की संगणक स्वतः मोठी वाहिनी बंद आहे का तपासतो आणि संशय आला तर थेट तज्ज्ञाच्या फोनवर घंटा वाजवतो. रेडिओलॉजिस्टचा अहवाल येईपर्यंत थांबायचं नाही. आपल्याकडे मुंबईच्या क्यूअर कंपनीचं साध्या सीटीवर रक्तस्राव ओळखणारं सॉफ्टवेअर आहे, त्यालाही २०२० मध्ये तिकडची मान्यता मिळाली. पाच-दहा वर्षांत हे तालुक्यात येईल.

शंकासुर | मंगळवार, सकाळी ९.१५

पोहे, घंटा वाजली हे ठीक, पण उचलणारा कोण? विझसारख्या यंत्रणेला सीटी अँजिओ लागतो. तालुक्यात साधा सीटी रात्री ८ नंतर चालू असला तरी नशीब. बरं, मोठी वाहिनी बंद आहे हे सापडलं, पुढे तार घालणारा माणूस १५० किलोमीटरवर. घंटा वाजून रुग्ण जागेवरच.

यंत्राने काही सापडलं नाही म्हटलं की माणूस निर्धास्त होतो, हा दुसरा धोका. मेंदूच्या मागच्या भागातला झटका, लहान वाहिन्यांचा झटका, हे त्या घंटेच्या कक्षेतच नाहीत.

न्यूरो_नाना | मंगळवार, सकाळी ९.४८

शंकासुरांशी अर्धा सहमत. म्हणूनच मला हिमाचलची रीत जास्त पटते. तिथे २०१४ पासून जिल्हा रुग्णालयातल्या फिजिशियनने रुग्ण तपासायचा, सीटी फोनवरून तज्ज्ञाला दाखवायचा, आणि इंजेक्शन तिथेच, त्याच खाटेवर द्यायचं, अशी व्यवस्था उभी केली. औषध सरकारने फुकट ठेवलं. डोंगरातून रुग्ण हलवायचा म्हटलं तर साडेचार तास रस्त्यातच जातात, म्हणून रुग्णाऐवजी सल्ला हलवला. यात कुठलंही हुशार ॲप नव्हतं. तज्ज्ञाची पाळी लावलेली होती आणि औषध कपाटात होतं.

रुग्णालयात ॲपचा आणखी एक साधा उपयोग आहे, मात्रेचा हिशेब. गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज किलोला ०.९ मिलिग्रॅम, कमाल ९०. त्यातलं १० टक्के एका मिनिटात, उरलेलं तासाभरात. ६० किलोला ५४: आधी ५.४, मग ४८.६. पहाटे ३ वाजता कॅलक्युलेटर ॲप बरं पडतं. पण टेनेक्टेप्लेज या त्याच कामाच्या दुसऱ्या औषधाच्या बाबतीत सांभाळा. हृदयविकाराच्या झटक्याची मात्रा ३० ते ५० मिलिग्रॅम असते, पक्षाघातात २५ च्या वर जात नाही. हृदयरोगाचं ॲप उघडून मेंदूची मात्रा काढली तर रक्तस्राव ठरलेला. आणि वजन अंदाजाने टाकू नका. 'असतील सत्तरेक' हे वजन नव्हे.

बोलकी_बाहुली | मंगळवार, दुपारी १.३०

व्हिडिओ कॉलवर झटक्याची तीव्रता मोजतात ती पट्टी (एनआयएच, ० ते ४२) अमेरिकेत तयार झाली आहे, आणि बहुतेक ॲपमध्ये तिचं मूळ इंग्रजी साहित्यच जसंच्या तसं येतं. उच्चार तपासायच्या यादीत 'हकलबेरी' आणि 'बेसबॉल प्लेअर' आहेत. नावं ओळखायच्या चित्रांत निवडुंग, पीस आणि झाडाला बांधलेली हॅमक. माण तालुक्यातल्या आजींनी हॅमकला 'झोळी' म्हटलं तर बरोबर धरायचं, हे ॲप सांगत नाही. आणि हकलबेरी म्हणता आलं नाही तर दोष जिभेचा की शब्दाचा?

उच्चाराच्या शब्दांत ओठ, जिभेचं टोक आणि टाळूची मागची बाजू या तिन्हींना काम हवं. 'पापड', 'बाभूळ', 'टाळाटाळ', 'लोटालोटी', 'कागद', 'गडगडाट' असे चालतात. एकदा ठरवले की दर वेळी तेच शब्द वापरा, नाहीतर कालच्या आणि आजच्या गुणांची तुलना करता येत नाही.

पेठकर | मंगळवार, दुपारी १.३६

'कच्चा पापड पक्का पापड' ठेवलं तर धडधाकट माणूसही भरती होईल.

गोळीबंद | मंगळवार, दुपारी ३.०५

तिसऱ्या टप्प्यावर येतो, कारण संघाच्या मंडळींना तोच लागणार. औषधाची आठवण करून देणारी ॲप भरपूर आहेत, आणि नेमक्या तीन ठिकाणी दगा देतात.

पहिलं, शेवटची तारीख. किरकोळ झटका किंवा काही तासांत बरा झालेला झटका असेल तर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशा दोन गोळ्या साधारण २१ दिवस देतात, मग एकच चालू ठेवतात. ॲपमध्ये दोन्ही 'रोज' म्हणून टाकलेल्या, शेवटची तारीख रिकामी. सहा महिने दोन्ही चालतात आणि एक दिवस पोटात रक्तस्राव होऊन शौच काळी होते. याच्या उलटही होतं. २१ दिवस संपले, घंटा बंद झाली, घरच्यांना वाटलं कोर्स संपला, आणि दोन्ही गोळ्या बंद. म्हणून टाकतानाच दोन नोंदी करा. जी थांबणार तिला डॉक्टरांनी लिहिलेली तारीख, जी राहणार तिला तारीख नाही, आणि नावापुढे 'कायम' असं लिहा.

दुसरं, रक्त पातळ ठेवणारी जुनी गोळी, वॉरफॅरिन किंवा असिट्रॉम. झडपेच्या आजाराने हृदय अनियमित चालणाऱ्यांना हीच देतात. हिची मात्रा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी) पाहून बदलते, बहुतेकांचं लक्ष्य २ ते ३. सोमवार-बुधवार-शुक्रवार ३ मिलिग्रॅम, बाकी दिवस २, असंही असतं. साध्या ॲपला हे झेपत नाही, ते रोज 'एक गोळी घ्या' एवढंच ओरडतं. याला भिंतीवरचं कॅलेंडर आणि पेन्सिल सरस. प्रत्येक वाराच्या चौकटीत मात्रा, खाली आयएनआरचा आकडा. रुग्णालयात जाताना त्या पानाचा फोटो. पालेभाजी बंद करायची नाही, दर आठवड्याला साधारण तेवढीच खायची.

तिसरं, घंटा बंद करणं आणि गोळी घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲपमध्ये शंभर टक्के हिरवं आणि डब्यात गोळ्या तशाच. सात कप्प्यांचा डबा भरा आणि रविवारी डबा बघा, आलेख बघू नका.

कंदील | मंगळवार, सायंकाळी ७.१८

गोळीबंदांच्या तीन दग्यांत चौथा घाला: घंटा वाजतच नाही. दोष ॲपचा नसतो, फोनचा असतो. बॅटरी वाचवायला बरेच अँड्रॉइड फोन मागे चालणारी ॲप मारून टाकतात. पहिले तीन दिवस वाजतं, चौथ्या दिवशी गप्प.

करायचं असं. सेटिंग्ज, ॲप्स, ते ॲप, बॅटरी, 'अनरिस्ट्रिक्टेड'. काही कंपन्यांच्या फोनांत 'ऑटोस्टार्ट' वेगळं चालू करावं लागतं. अँड्रॉइड १३ पासून सूचना दाखवायची परवानगी वेगळी मागतात आणि आजोबा सवयीने 'नको' दाबतात, ती तपासा. त्याच पानावर खाली 'वापरात नसेल तर परवानग्या काढा' असं बटण असतं, ते बंद. मग फोन बंद करून चालू करा आणि पाच मिनिटांनंतरची खोटी घंटा लावून पाहा. रात्रभर फोन तसाच ठेवून सकाळची घंटा वाजली तरच पास.

एवढा खटाटोप नको असेल तर फोनमधलं मूळ घड्याळ वापरा. त्याची घंटा सहसा मारली जात नाही आणि सायलेंटवरही वाजते. गजराला नाव देता येतं, 'रात्रीची पांढरी, जेवणानंतर'. काही फोनांत गजराला स्वतःचं रेकॉर्डिंग लावता येतं. 'आजोबा, गोळी' हा नातीचा आवाज ट्रिंग-ट्रिंगपेक्षा जास्त दिवस ऐकला जातो.

खडीसाखर | मंगळवार, रात्री ८.०२

हे सोनं आहे. आता बीपीचं सांगा. संघात दोघा-तिघांकडे कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी दाखवणारं ॲप आहे आणि ते सगळ्यांचं मोजत फिरतात.

न्यूरो_नाना | मंगळवार, रात्री ८.३०

काढून टाकायला सांगा. कॅमेऱ्यावर बोट ठेवून नाडीचे ठोके मोजता येतात, ते ठीक. बीपीचा आकडा विश्वास ठेवण्यासारखा येत नाही. अशाच एका लोकप्रिय ॲपची पट्ट्याच्या यंत्राशी तुलना २०१६ साली जामा इंटर्नल मेडिसिनमध्ये छापून आली. ज्यांचं बीपी खरोखर वाढलेलं होतं अशा पाचपैकी जवळपास चार जणांना त्या ॲपने 'ठीक' म्हटलं होतं. पुन्हा झटका येऊ नये यासाठी सगळ्यात मोठा लगाम बीपीचा, लक्ष्य बहुतेकांना १३०/८० च्या खाली. तिथेच खोटा दिलासा.

दंडाला बांधायचं यंत्र घ्या. सोबतचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर दंडासाठी असतो. दंड जाड असेल तर मोठा पट्टा वेगळा मागवा, नाहीतर आकडा वाढीव येतो. पाठ टेकून, पाय जमिनीला, पाच मिनिटं गप्प बसायचं. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळी गोळीआधी आणि रात्री. आणि चांगल्या हातावर. लुळ्या हातात स्नायूंचा ताण बदललेला असतो, तिथला आकडा फसवतो. यंत्राच्या पडद्याचा फोटो काढून ठेवला तरी पुरे, फोटोला तारीख-वेळ आपोआप लागते.

घड्याळातल्या ईसीजीबद्दल कुणी विचारायच्या आत: तीस सेकंदांचा तो ईसीजी अनियमित ठोके पकडायला खरंच उपयोगी आहे, आणि त्या अनियमिततेने पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. धडधड वाटली तर लगेच घ्या, पीडीएफ करून पाठवा. पण 'नॉर्मल' आलं म्हणजे नाही असं नव्हे. ती तीस सेकंदं नॉर्मल होती, एवढंच.

शंकासुर | बुधवार, सकाळी ८.५५

आता मुळावर घाव घालतो. या सगळ्या आठवणी, मेसेज, व्हिडिओंनी पुढचा झटका टळतो का? आपल्याच देशात पाहिलंय. स्प्रिंट इंडिया नावाचा अभ्यास: ३१ केंद्रं, १२ भाषा, ४,२९८ रुग्ण. अर्ध्यांना नियमित एसएमएस, व्हिडिओ आणि एक पुस्तिका. वर्षभरात पुन्हा झटका, हृदयविकार, मृत्यू अशा घटना मेसेजवाल्यांत ५.५ टक्के, बाकीच्यांत ४.९. फायदा दिसायची चिन्हं नाहीत म्हणून अभ्यास मध्येच थांबवावा लागला. त्याआधी २०१७ मध्ये ॲटेंड नावाचा अभ्यास आला, घरच्यांना व्यायाम शिकवून घरीच करून घ्यायचे, १,२५० रुग्ण. नेहमीच्या उपचारापेक्षा काही फायदा नाही. मग एक पान कशाला छापायचं?

न्यूरो_नाना | बुधवार, सकाळी १०.२०

आकडे बरोबर आहेत. पण स्प्रिंटमध्ये भाग घेणारी केंद्रं कुठली होती तेही बघा. पक्षाघाताचा वेगळा विभाग असलेली मोठी रुग्णालयं, जिथे बाकीच्यांनाही चांगलीच काळजी मिळत होती. ९० टक्क्यांवर लोक आधीच गोळ्या घेत होते. तिथे मेसेजला हलवायला जागा किती? औषधांचं सातत्य आणि दारू सुटणं यात मेसेजवाले थोडे पुढे होतेच.

दुसऱ्या बाजूला चीनच्या हेबेई प्रांतातला सिनेमा अभ्यास (नावावर जाऊ नका): ५० गावं, सुमारे १,३०० रुग्ण. रुग्णाच्या फोनवर रोज आवाजी संदेश, वाचता न येणाऱ्यालाही कळेल असा. आणि गावच्या डॉक्टरच्या हातात ॲप. त्याने महिन्याला रुग्णाला भेटायचं, बीपी घ्यायचं, औषध पुरवायचं. वरचं बीपी तुलनेत २.८ ने जास्त उतरलं. आकडा लहान वाटेल, पण गावभर उतरलेला २.८ लहान नसतो. तिथे मेसेजमागे दार ठोठावणारा माणूस होता.

शंकासुर | बुधवार, सकाळी १०.३१

म्हणजे ॲप आशाताईंच्या फोनमध्ये हवं, आजोबांच्या नाही. हे मान्य. फक्त आशाताईंच्या फोनमध्ये आधीच किती ॲप आहेत ते मोजा.

फिजिओताई | बुधवार, दुपारी २.४५

ॲटेंडवरून 'घरी व्यायाम करून उपयोग नाही' असा अर्थ काढू नका. व्यायाम किती वेळा आणि किती नेमका झाला, हा मुद्दा आहे. कॅमेऱ्याने हालचाल मोजणाऱ्या ॲपची गंमत सांगते. 'हात पुढे करून फुगा फोडा' म्हटलं की रुग्ण कमरेतून पुढे झुकतो, खांदा उचलतो, आणि फुगा फुटतो. ॲप टाळ्या वाजवतं. कोपर जिथल्या तिथे. अशा शंभर टाळ्यांनी चुकीची सवय पक्की होते. उपाय: पाठ खुर्चीला टेकवून छातीवरून ओढणीने सैलसर बांधा, मग खेळा. गुण निम्मे होतील, ते खरे.

त्यापेक्षा फोनचा कॅमेरा माझ्यासाठी वापरा. आठवड्यातून एकदा 'बसून उठणं' पाच वेळा, एकदा समोरून आणि एकदा बाजूने, फोन गुडघ्याच्या उंचीवर स्टुलावर ठेवून. चप्पल काढून, पायजमा गुडघ्यापर्यंत, टाच दिसली पाहिजे. समोरून काढलेल्या व्हिडिओत भार कुठल्या पायावर आहे ते कळतं, बाजूच्या व्हिडिओत गुडघा मागे जातो का ते कळतं. दोन्ही पाठवा. हातासाठी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचं 'ग्रास्प' नावाचं व्यायामाचं पुस्तक फुकट उतरवता येतं, रोज तासभराचं काम आहे, त्याला ॲपही लागत नाही.

व्हिडिओ पाहून करू नये असं एकच सांगते: लुळा हात धरून डोक्यावर ओढणं, किंवा कप्पीला दोरी लावून खेचणं. खांद्याचा सांधा आधीच सैल असतो, तो उतरतो आणि मग वर्षभर दुखतो. यूट्यूबवर असे व्हिडिओ ढिगाने आहेत.

बोलकी_बाहुली | बुधवार, सायंकाळी ५.१०

ज्यांची वाचा गेली त्यांच्यासाठी. आयआयटी मुंबईचं 'जेलो' चित्रांवर बोट ठेवलं की बोलतं, मराठीतही, आणि फुकट आहे. मूळ मुलांसाठी बनवलंय, त्यामुळे काही चित्रं मोठ्यांना पोरकट वाटतात. त्यावर उतारा म्हणजे गॅलरीत 'बोलणं' नावाचा अल्बम करून घरातलेच बारा फोटो टाकायचे: त्यांचा चष्मा, त्यांचा पेला, संडासचं दार, पंखा, देवघर, मोठी सून. परक्या चित्रापेक्षा स्वतःचा पेला लवकर ओळखू येतो.

सांभाळायच्या दोन गोष्टी. एक, 'हो' आणि 'नाही' यांचीच अदलाबदल होते, म्हणून आधी उत्तर माहीत असलेला प्रश्न विचारून खात्री करा. दोन, 'शुभं करोति' किंवा एक ते दहा धडाधड म्हणतात म्हणजे भाषा परत आली असं नव्हे. पाठ असलेलं वेगळ्या वाटेने येतं. त्याचा उपयोग सुरुवात करून द्यायला जरूर करा.

उजव्या मेंदूचा झटका असेल तर आणखी एक. त्यांना डावी बाजू 'नसतेच'. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते, तसं फोनच्या पडद्यावर डावीकडचं बटणही. काही फोनांत कॉल घ्यायचं हिरवं बटण डावीकडे असतं, आणि घरचे म्हणतात, 'मुद्दाम उचलत नाहीत'. मुख्य पडद्यावर कामाची चिन्हं उजवीकडे आणा, आणि फोनच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावा. 'लाल दिसेपर्यंत शोधा' अशी सवय लावायची.

कंदील | बुधवार, सायंकाळी ५.४०

भर: सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत 'दाबून धरण्याचा वेळ' वाढवता येतो, थरथरत्या बोटाला बरं. काही फोनांत कॉल आपोआप उचलला जायची सोयही तिथेच असते.

खडीसाखर | बुधवार, रात्री ९.२५

पानाचा मसुदा असा झालाय. वर तीन तपासण्या आणि १०८. खाली: रुग्णाचा फोन आणि सगळ्या गोळ्यांचा फोटो सोबत घ्या, तोंडात काही घालू नका. मग जवळच्या रुग्णालयांची नावं लिहायला तीन रिकाम्या ओळी. मागच्या बाजूला गोळीबंदांची तारीख, कंदिलांची खोटी घंटा, चांगल्या हातावर बीपी, आणि ओढणी. ॲपची यादी नाहीच झाली, मंडळी रागावणार.

न्यूरो_नाना | बुधवार, रात्री ९.५०

त्या तीन ओळी रिकाम्या छापा, पण भरायच्या कशा ते सांगा. नकाशावर 'हॉस्पिटल' शोधलं तर दातांचा दवाखानाही येतो. आजच फोन करून तीन प्रश्न विचारायचे: रात्री २ वाजता सीटी होतो का? गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साठ्यात असतं का? ते द्यायचं ठरवणारा डॉक्टर फोनवर मिळतो का? तिन्हींना 'हो' म्हणेल तेच नाव ओळीत. ती यादी १०८ च्या गाडीतल्या डॉक्टरलाही दाखवा.

पेठकर | बुधवार, रात्री १०.०२

नाना, एक अडचण. सूनबाईने आजोबांच्या व्हॉट्सॲपचं 'लास्ट सीन' बंद करून ठेवलंय.

न्यूरो_नाना | बुधवार, रात्री १०.०५

ते इतरांना दिसत नाही. त्यांच्याच फोनमध्ये शेवटचा मेसेज किती वाजता पाठवला ते दिसतंच. फक्त फोनचा लॉक कुणालातरी माहीत असू दे.

खडीसाखर | बुधवार, रात्री १०.०९

मसुद्यात घातलं. पहिल्याच ओळीत.